कोमट भिंत

२ फेब्रुवारी, रविवार

गाडी आली. विजेवर चालणारी. पांढरी. शोरूमवाल्याने किल्ली देताना फोटो काढला, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. गाडी मात्र छान आली आहे.

पहिली चक्कर वडिलांना. नाना मागच्या सीटवर, खिडकीवरची दांडी घट्ट धरून. घराशी आल्यावर म्हणाले, चालू कधी करणार? म्हटलं, नाना, आपण जाऊन आलो.

मेहुणेबुवांना फोटो पाठवला. हिचे थोरले भाऊ वीज खात्यात इंजिनियर आहेत. जगातली सगळी वीज आपल्याला विचारून वाहते असा चेहरा. स्वतः अजून पेट्रोलवर. लगेच उत्तर: अभिनंदन, घरी चार्ज करणार असाल तर आधी लाइन तपासून घ्या, मी येऊन बघू का? कळवलं, तसदी नको. पंपाच्या कंपनीत विक्री विभागात आयुष्य गेलं माझं. लोड, करंट, मोटार हे शब्द सकाळ-संध्याकाळ तोंडात असतात.

संकल्प: गाडीचं सगळं आपण स्वतः बघायचं. बाहेरचा माणूस नाही.

३ फेब्रुवारी, रात्री जेवणानंतर

संध्याकाळी पार्किंगच्या भिंतीतल्या पॉइंटला चार्जर लावला. गाडीवर हिरवा दिवा. आत येऊन हिला म्हटलं, मोबाइल लावण्याइतकं सोपं आहे. ताटं घेतली, पहिला घास घेतला आणि घर अंधारलं.

नानांच्या खोलीतून मशीनची शिट्टी. त्यांना झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागतं, संध्याकाळीही थोडा वेळ. वीज गेली की ते किंचाळतं. ही ताटावरून उठून धावली, छोटा सिलिंडर जोडला. मी बोर्डाकडे. मेनच्या शेजारचा, टेस्ट लिहिलेलं बटण असलेला स्विच खाली पडला होता. वर केला. सगळं सुरू. पुन्हा चार्जर लावला. पुन्हा पडला, या वेळी लवकर.

निदान: फ्रिज. दोघं एकाच वेळी ओढतात.

५ फेब्रुवारी

फ्रिज बंद ठेवून गाडी लावली. स्विच पडला. फ्रिज निर्दोष. दूध नासलं.

६ फेब्रुवारी

इस्त्री, मिक्सर, टीव्ही, गीझर. एकेकाला बाजूला काढून उलटतपासणी. सगळे सुटले.

ही म्हणाली, सगळं बंद असताना पडतोय, तेव्हा चालू काय असतं? म्हटलं, गाडी असते. पण गाडी नवीन आहे. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करून करून तिला माणसाकडेही काचेवर ठेवल्यासारखं बघायची सवय लागली आहे.

८ फेब्रुवारी

घरात शिस्त लागू. गाडी लागलेली असताना कोणीही काहीही चालू करायचं नाही. नानांना विनंती केली की संध्याकाळचं मशीन तासभर पुढे ढकलता आलं तर बघा. म्हणाले, श्वासपण नंतरच घेऊ का?

विनोदबुद्धी अजून शाबूत आहे. या वयात हे चांगलं लक्षण.

९ फेब्रुवारी, रविवार

गाडी बायपासच्या चार्जिंग पॉइंटवर नेली. टायरच्या दुकानाला लागून आहे. पुढे दोन गाड्या. पेट्रोलची रांग भराभर सरकायची, ही सरकतच नाही. एका गृहस्थाने उशी आणली होती. मेहुणेबुवांचा नेमका तेव्हाच फोन. मागून टायरवाल्याचा हातोडा. कुठे आहात? म्हटलं, घरीच. शेजारी काम चाललंय.

१० फेब्रुवारी

वायरमन आणला. सल्ल्यापुरता. संकल्प दुरुस्तीबद्दल होता.

सगळा वेळ फोन कानाला. कुठल्यातरी साइटवरच्या कोणालातरी शिव्या देत देतच आमचा बोर्ड उघडला, बंद केला. म्हणाला, पार्किंगची लाइन दिव्यापुरती टाकलेली आहे. वायर बारीक, गाडीच्या लोडने तापते, आत भिंतीत कुठेतरी तिचं कव्हर गेलंय. वीज गळते, म्हणून स्विच पडतो. आणि गळलेली वीज जमिनीत सोडणारं अर्थिंगही मेलेलं आहे. त्याचा खड्डा कुठे आहे? म्हटलं, इथेच कुठेतरी, टाइल्सखाली. म्हणाला, मग टाइल्स उखडा, नवीन खड्डा घ्या, गाडीला वेगळी लाइन टाका. तोवर इथे लावू नका. स्विच पडतोय ते नशीब समजा.

स्विच पडणं नशीब! याला बोर्डाला हात लावू दिला तीच चूक. टाइल्स गेल्या वर्षी मी स्वतः दुकानं पालथी घालून निवडल्या आहेत. पावसात न घसरणाऱ्या. एकदा उखडल्या की तो रंग परत मिळत नाही.

ही म्हणाली, दादाला विचारू या. म्हटलं, विचार. मग या घरात मी राहतो की तुझा दादा, तेही विचार. विषय संपला.

१३ फेब्रुवारी

दुपारी मशीन पुन्हा किंचाळलं. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी गाडी लावली होती. ही लॅबमध्ये. सिलिंडरची नळी मला बसवता येईना. नानांचे ओठ जरा निळसर दिसले. त्यांनी स्वतःच माझ्या हातातून नळी घेऊन बसवली. मग बराच वेळ डोळे मिटून पडून होते.

हे आता थांबलं पाहिजे. एका स्विचमुळे वडिलांच्या जिवाशी खेळ चालू आहे. मी हे खपवून घेणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपार

झालं. इतकं सोपं होतं.

व्हिडिओ बघितले. एकात एका माणसाने तो स्विच काढून वायरी सरळ एकमेकींना जोडल्या. खाली कॉमेंटमध्ये लोक त्याला वाट्टेल ते बोलले आहेत, पण कॉमेंट करणाऱ्यांना कामधंदा नसतो.

मेन बंद केला. बोर्डाच्या कोपऱ्यात अंधार, म्हणून हिला टॉर्च धरायला लावली. वायरी जोडल्या, टेप गुंडाळली, झाकण लावलं. हात अजिबात थरथरला नाही. टॉर्चचा प्रकाश मात्र सारखा हलत होता.

हिने विचारलं, हा काढला तर त्याचं काम कोण करणार? म्हटलं, तो काम करत होता कुठे? नुसता पडत होता.

रात्री ९

गाडी पूर्ण भरली. घर अंधारलं नाही. नानांचं मशीन एकदाही थांबलं नाही. मेहुणेबुवांना गाडीच्या स्क्रीनचा फोटो पाठवला, शंभर टक्के. त्यांनी विचारलं, काय दोष निघाला? लिहिलं, किरकोळ.

१८ फेब्रुवारी

आठवडाभर आधीच हे करायला हवं होतं असं वाटतंय. घर शांत. ही कमी बोलते. तेही एका अर्थी शांतच.

चार्जरवर एक पिवळा दिवा लुकलुकतो. पुस्तिकेत लिहिलंय, अर्थिंग तपासा. कंपन्या स्वतःची जबाबदारी झटकायला असं काहीतरी लिहून ठेवतात. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

गल्लीतलं करडं मांजर गाडीजवळ येऊन पार्किंगच्या भिंतीला पाठ टेकून झोपतं. हात लावून पाहिलं. भिंत तिथे छान कोमट आहे. प्राण्यांना चांगली जागा बरोबर कळते.

२१ फेब्रुवारी

नाना आंघोळ अर्धवट टाकून बाहेर आले. म्हणाले, नळ चावतो.

म्हटलं, नाना, नळ कसा चावेल? म्हणाले, मला काय माहीत, तूच विचार त्याला.

२२ फेब्रुवारी

पुन्हा नळ. या वेळी कोपरापर्यंत मुंग्या, म्हणाले. वाचलं की उतारवयात नसांचा त्रास असतो, बी-ट्वेल्व्ह कमी पडतं. डॉक्टरांची वेळ घेतली. दुर्लक्ष करणारा मुलगा मी नाही.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी नानांच्या तळव्यांना सुई टोचून पाहिली. सगळं कळतंय. विचारलं, मुंग्या कधी येतात? नाना म्हणाले, नळ धरला की. आणि सोडल्यावर? सोडल्यावर जातात. डॉक्टर पेन खाली ठेवून माझ्याकडे वळले. घरचं वायरिंग कधी तपासलं होतं?

म्हटलं, मी स्वतः नुकतंच केलंय. तेव्हा त्यांनी रक्ततपासणी लिहून दिली. परतताना गाडीत इतकी शांतता की त्यांचा श्वास ऐकू येत होता.

२६ फेब्रुवारी

रक्ताचा रिपोर्ट हिनेच लॅबमधून आणला. बी-ट्वेल्व्ह भरपूर. इतकं चांगलं रक्त तरुणांचं नसतं, म्हणाली. हे तिने ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात चांगल्या बातम्या सांगत नाहीत.

आता तिलाही कपडे धुण्याच्या मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. एकाने म्हटलं की दुसऱ्यालाही तसंच वाटू लागतं, हे शास्त्र आहे. मी दोघांसमोर प्रयोग करून दाखवला. बूट घालून, हात कोरडे करून नळ धरला. काहीही नाही. म्हटलं, बघा. नाना म्हणाले, मी बूट घालून आंघोळ करू का?

बाथरूममध्ये तिने लाकडी पाट ठेवला आहे. मशीनजवळ रबरी चपला. ज्याला ज्याने धीर येतो.

२७ फेब्रुवारी

संध्याकाळी दिवे मध्येच मोठे होतात, मध्येच मंद. मीटरकडे व्होल्टेजची गडबड असावी. ती मेहुणेबुवांच्या खात्याची जबाबदारी. भेटल्यावर सुनावणार.

पार्किंगमध्ये मासे जळल्यासारखा वास. शेजाऱ्यांकडे चौकशी केली. ते म्हणाले, आमच्याकडे कोणी मासे खात नाही. मग वास कुठून येतो? खोटं तरी कशाला बोलायचं?

२८ फेब्रुवारी

मांजर येत नाही. लांब फाटकाच्या खांबावर बसून भिंतीकडे बघतं. दूध ठेवलं तरी उतरलं नाही.

१ मार्च, शनिवार

भिंतीवर, पॉइंटच्या वर, बशीएवढा तपकिरी डाग. रंग फुगलाय. ओल असणार. उद्या मेहुणेबुवा जेवायला येणार आहेत, त्यांची नजर नेमकी अशाच जागी जाते. प्लायवुडचा तुकडा टेकवून ठेवला. आता डाग दिसत नाही.

हिने म्हटलं, उद्या दादाला बोर्ड दाखवूच. मी म्हटलं, आधी जेवू द्या त्यांना, गाडीतून चक्कर मारून आणू, मग बोलू. ती म्हणाली, कबूल ना? म्हटलं, कबूल.

चक्कर मारून वेळ राहिला तर.

२ मार्च, रविवार, सकाळी ११

प्रसन्न सकाळ. गाडी उठल्या उठल्या लावली. पाहुणे यायच्या आत भरायला हवी. बायपासवरून नेतो, तिथे वेग दाखवता येईल. नाना आंघोळीला गेलेत. ही पाट ठेवायला विसरली होती, धुऊन उन्हात घातलेला. तिला आठवण करायची राहून गेली. नंतर सांगतो.

२ मार्च, संध्याकाळ

हॉस्पिटलमध्ये. नाना ठीक आहेत. ठीक म्हणजे उजवं मनगट मोडलंय, कपाळाला टाके आहेत. बोलतात.

आधी बादली पडल्याचा आवाज. मग काहीच नाही. मी दाराशी जाऊन नाना, नाना म्हणत होतो. कडी त्यांनी लावलेली नव्हती. दार ढकललं, ते खाली पडलेले, पाणी वाहतंय, एक हात नळाच्या दिशेने तसाच. मी पुढे वाकलो. ही मागून ओरडली, हात लावू नका! असा आवाज तिचा कधी ऐकला नव्हता. ती उलटी धावली ती बोर्डाकडे. मेन खाली ओढल्याचा आवाज आला तेव्हाच मी आत गेलो.

मेहुणेबुवा त्याच वेळी फाटकात. नानांना त्यांच्या गाडीतून नेलं. आमची गाडी भरलेली होती. मी म्हटलंही, ही आहे ना तयार. कोणी तिकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं, घसरले. नाना ट्रॉलीवरून म्हणाले, घसरलो नाही. नळाने फेकलं.

हृदयाचे ठोके रात्रभर बघणार आहेत.

३ मार्च

ठोके व्यवस्थित. तरी आणखी एक दिवस ठेवलंय.

दुपारी मेहुणेबुवांबरोबर घरी आलो. मेन बंदच. त्यांनी काही न विचारता प्लायवुड बाजूला केलं. डाग आता ताटाएवढा होता. हातोडीने एकदाच ठोकलं आणि गिलावा आपणहून खाली आला. आतली नळी वितळून वायरीला चिकटलेली. काळी. तांब्याची तार उघडी.

म्हणाले, इथून वीज भिंतीत, गीझरच्या पत्र्यात, तिथून नळात. जायला दुसरी वाटच नव्हती. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, पण स्विच पडायला हवा होता. का नाही पडला?

बोर्ड उघडला. आत माझी निळी टेप.

विचारलं, हे कोणी केलं?

म्हटलं, आधीच्या मालकाने केलं असेल. घर जुनं आहे.

ही शेजारी उभी होती. वीज नव्हती, म्हणून हातात टॉर्च. तीच टॉर्च. मेहुणेबुवांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, दादा, चहा टाकते. आणि टॉर्च त्यांच्या हातात देऊन अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेली.

तिने काही सांगितलं नाही, म्हणजे तिलाही ते तितकं महत्त्वाचं वाटत नसावं.

चहात साखर नव्हती. तिघांनी तो तसाच प्यायला.

४ मार्च

नानांना सोडलं. हॉस्पिटलमधून थेट मेहुणेबुवांच्या घरी. तात्पुरतं. संध्याकाळी ही येऊन त्यांचं मशीन, कपडे, चष्मा घेऊन गेली. स्वतःची बॅगही भरली. म्हटलं, लाइन होईपर्यंतच ना? म्हणाली, हो. म्हटलं, आणि मग? म्हणाली, मग बघू.

भांडली असती तर बोलता आलं असतं. माझ्याकडे मुद्दे होते.

दारात थांबली. म्हणाली, मी टॉर्च धरली होती. एवढंच. दादाला रात्री सांगणार आहे, म्हणाली. त्यांना सगळं कळल्यावर ते मला काय म्हणतील याचा विचार करत मी उभा होतो, तोवर ती गेलीसुद्धा. नंतर लक्षात आलं, ती स्वतःबद्दल बोलत होती.

७ मार्च

टाइल्स उखडल्या. मेहुणेबुवांनी माणसं पाठवली, स्वतः आले नाहीत. नवीन खड्डा, नवीन वायर, नवीन स्विच. त्यातल्या एकाने टेस्ट बटण दाबून दाखवलं. घर अंधारलं. म्हणाला, पडला म्हणजे चांगला आहे.

मी मान डोलावली. घरात मशीन नव्हतं, तरी मी शिट्टीची वाट पाहत उभा राहिलो.

८ मार्च

पॉइंट तयार आहे, सगळं नियमाप्रमाणे. गाडी मात्र लावली नाही. दोनदा पिन हातात घेऊन उभा राहिलो. आंघोळही झालेली नाही, गरम पाणी गॅसवर करून घेतो म्हटलं आणि राहूनच गेलं. नळ बाहेरून अगदी साधा दिसतो.

नवीन सगळ्या गोष्टींना थोडा वेळ द्यावा लागतो. उद्या लावू.

९ मार्च, रविवार

बायपासच्या चार्जिंग पॉइंटवर. पुढे तीन गाड्या. गाडीतच बसून लिहितोय.

सकाळी नानांना फोन केला. त्यांना उचलायला जरा वेळ लागला, डावा हात अजून सराईत नाही. आवाज चांगला वाटला. म्हणाले, झोप लागते. इथे सकाळी सून पेपर वाचून दाखवते, दुपारी मशीन लावून पडतो. मी सगळं सविस्तर सांगितलं. लाइन नवीन, खड्डा नवीन, स्विच आधीच्यापेक्षा चांगल्या कंपनीचा. टाइल्सचा रंग मिळाला नाही, पण जवळपासचा मिळेल. ते हं हं करत होते.

मग म्हटलं, पुढच्या रविवारी न्यायला येतो. तयार राहा.

फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो केलं. ऐकतोय, म्हणाले. भेटायला ये. जेवायलाच ये, सूनबाईला सांगून ठेवतो.

म्हटलं, हो, येतोच की, अर्ध्या तासात पोचेन, गाडी पूर्ण भरून ठेवतो.

नाना म्हणाले, बसने ये.